अडसर आतून, की बाहेरून?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र सात पानी असल्यामुळे त्याचा गाभा तेवढा त्यांच्याच शब्दांत देत आहे.

“मे महिन्यात आम्ही उभयता पोर्तुगालच्या सहलीला गेलो होतो. लिस्बनच्या बेलेम भागात जेरोनिमोस नावाचा जुना मठ आहे. आमचा गट जवळच्या दुकानात पेस्ट्री घ्यायला पुढे गेला आणि मी गुडघे दुखत होते म्हणून मठाच्या आतल्या चौकात, कमानीखाली वीस मिनिटे बसून राहिले. इतकी शांत मी गेल्या कित्येक वर्षांत बसले नव्हते. घरी आल्यापासून तो चौक डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या टू बीएचकेमध्ये आम्ही सहा माणसे. यजमानांच्या बातम्या सकाळी सातला सुरू होतात, सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत, मुलगा आणि सून ऐरोलीला नोकरी करतात, नातू चार वर्षांचा. माझा कोणावरही राग नाही. मात्र गुहागरजवळचे माहेरचे घर बंद पडून आहे, तेथे वर्षभर एकटीने राहावे असे वाटते. तसे बोलून दाखवल्यावर सून म्हणाली, ‘आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?’ मला विचारायचे आहे ते असे: त्या चौकात राहणाऱ्या माणसांना नेमके काय मिळत होते? ते संसारातून पळून आलेले लोक होते का? आणि मला तसे वाटते, हा माझा स्वार्थ आहे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

सूनबाईंच्या प्रश्नाचे आधी पाहू, कारण तो मागे ठेवला तर घरात त्याचीच चर्चा चालू राहील. एकांत हवासा वाटणे हा आजार नव्हे. परंतु झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जी माणसे आवडत होती त्यांच्याकडे पाहावेसेही न वाटणे, जगण्यात राम उरला नाही असे सारखे मनात येणे, अशी लक्षणे असतील तर एकांताने ती बहुधा वाढतात. तुम्ही लिहिता की झोप शांत लागते, आणि नातवाची स्कूलबस येण्याच्या पाच मिनिटे आधीच तुम्ही सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहता. हे वाचून मला काळजी वाटली नाही. तरीही पुढे यांतले काही जाणवू लागले तर डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तेथे मराठीत बोलता येते. सूनबाईंनी विचारले ते काळजीपोटी, असे त्यांच्याविषयी तुम्ही इतरत्र जे लिहिले आहे त्यावरून मला वाटते.

आता त्या चौकाकडे वळू. अशा चौकाला इंग्रजीत ‘क्लॉइस्टर’ म्हणतात, आणि या शब्दाचे मूळ ‘क्लाउस्ट्रुम’ या लॅटिन शब्दात आहे. त्याचा जुना अर्थ दाराची कडी, अडसर. पुढे कडी लावून बंद केलेली जागा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दरवाजामागे भिंतीच्या खोबणीतून सरकवायचा जो जाड लाकडी दांडा असे, तो अडसर ज्यांनी हाताने सरकवला आहे त्यांना या शब्दाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की आज मराठीत अडसर म्हणजे अडथळा, आणि कोणे एके काळी रात्री निर्धास्त झोप लागावी म्हणून घरचाच माणूस तो लावत असे.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर तुम्ही बसलात ती जागा आपल्याला अगदीच परकी नाही. मध्ये मोकळा चौक आणि चारही बाजूंनी छपराखालचे सोपे, म्हणजे आपला चौसोपी वाडा. देवळाच्या आवाराभोवती असतात तशा ओवऱ्या म्हटले तरी चालेल. फरक आहे तो वापरणाऱ्यांत. वाड्याच्या चौकात कुटुंब नांदे, तेथे धान्य वाळे आणि मांडव पडे. ओवऱ्या परगावच्या यात्रेकरूंसाठी असत. मठाचा चौक मात्र मठात राहणाऱ्यांचा, पाहुण्यांची सोय वेगळ्या घरात. चौकातून आकाश दिसे, बाहेरचा रस्ता दिसत नसे. तुम्हाला त्या वीस मिनिटांत जे लाभले त्याचा बराचसा भाग या साध्या बांधणीत आहे, असे मला वाटते. डोळ्यांना धावायला लांबचे काही मिळत नाही आणि तरीही कोंडल्यासारखे होत नाही.

मात्र तुम्ही तो चौक रिकामा पाहिला. तेथील संन्यासी १८३३ पासून नाहीत, कारण त्या वर्षी तो मठ बंद झाला. आज तेथे तिकीट काढून गेलेल्या माणसाला जी शांतता मिळते ती मालक गेलेल्या घराची शांतता आहे. मठ नांदता असताना असे चौक कसे असत, हे कळले तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे लागेल.

युरोपातल्या मठजीवनाला सर्वांत जास्त आकार दिला तो सहाव्या शतकात इटलीमध्ये बेनेडिक्ट नावाच्या साधूने लिहिलेल्या नियमावलीने. तिची ७३ लहान लहान प्रकरणे आहेत. जेरोनिमोसचे संन्यासी वेगळ्या संघाचे होते, त्यांचे नियम वेगळे. तरीही मठ ही संस्था समजून घ्यायची तर बेनेडिक्टला टाळून चालत नाही. त्याच्या मठातल्या संन्याशाला स्वतंत्र खोली नव्हती. शक्यतो सर्वांनी एकाच दालनात झोपावे, रात्रभर एक दिवा तेवत ठेवावा, असा नियम आहे. जेवण एकत्र, प्रार्थना एकत्र, शेतातले आणि स्वयंपाकघरातले काम पाळीपाळीने. पुढे जेव्हा मठांना असे चौक आले तेव्हा त्या सोप्यांत वाचन चाले, पोथ्यांच्या नकला होत, जेवणघराच्या दाराशी हात धुण्याचे दगडी कुंड असे, नव्याने आलेली मुले धडे घोकत. इंग्लंडमधल्या काही जुन्या मठांच्या चौकातल्या दगडी बाकांवर खेळाचे पट कोरलेले आजही दिसतात, आणि तो पट म्हणजे आपली नवकंकरी. कोणीतरी कंटाळलेला तरुण खिळ्याने दगड खरवडत बसला असेल आणि पावले वाजताच उठून उभा राहिला असेल, हे चित्र मला त्या उंच कमानींपेक्षा जास्त ओळखीचे वाटते.

सांगायचे असे की तुमच्या घरात सहा माणसे आहेत, तशी तेथे साठही असत. गर्दी होतीच. मिळत होती ती वेळेची हमी. कोणत्या वेळी बोलायचे आणि कोणत्या वेळी कोणीही बोलायचे नाही, कधी काम, कधी वाचन, हे सर्वांना ठाऊक होते आणि सर्वांनी ते मान्य केलेले होते. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी तोंड उघडत नसे. त्यासाठी रोज विनवण्या कराव्या लागत नसत. घरात बाईला जे मिळत नाही ते बहुतेक वेळा हेच असते. शांत वेळ तिला दिवसातून दोनदाही मिळतो, परंतु तो केव्हा मोडेल हे तिला माहीत नसते, म्हणून त्या वेळातही तिचा एक कान दारावरच असतो.

खरोखर एकेकटे राहणारे संन्यासीही आहेत. १०८४ मध्ये ब्रूनो याने फ्रान्समधल्या आल्प्सच्या कुशीत शार्त्रोज येथे जो संघ सुरू केला, त्यात प्रत्येकाला छोटे घर आणि भिंतीआडची बाग मिळते, आणि जेवण दाराशेजारच्या झरोक्यातून आत सरकवले जाते. इतका कडक संघ, परंतु त्यांनाही आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून लांब फिरायला जायचे असते आणि त्या फेरीत बोलण्याची मुभा असते. वर्षभर एकटे राहण्याचा बेत करणाऱ्याने हा फिरण्याचा नियम नजरेआड करू नये.

एकट्याच्या कोठडीत काय होते, याचे सर्वांत प्रामाणिक वर्णन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने करून ठेवले आहे. दुपारी एक भूत येते, असे तो म्हणतो. ते दिवस पन्नास तासांचा करून टाकते. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन सूर्य किती कलला ते बघतो, एखादा बंधू भेटायला येतो आहे का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग त्याला या जागेचाच तिटकारा येतो आणि दुसरीकडे कुठेतरी बरे असेल असे वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस हातात मोबाईल नसताना मोबाईलचीच हालचाल करत होता. तुम्हाला बेलेममध्ये वीस मिनिटे मिळाली, आणि ते भूत साधारणपणे एकविसाव्या मिनिटाला येते. गुहागरच्या घरात तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा दुपारी माडांच्या झावळ्यांखेरीज काही हलणार नाही, तेव्हा ते पायरीवर येऊन बसेल. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ते येते म्हणजे आपले काही चुकले असे नाही, आणि ते आल्याबरोबर उठून जायचे नसते, इतके आधी माहीत असलेले बरे.

ते पळालेले लोक होते का? काही असतील. कर्जातून पळालेले, लग्नातून पळालेले, उपाशी पोटातून पळालेले, असे लोक कोणत्या मठात नसतात? बेनेडिक्टला हे ठाऊक असावे, म्हणून दारावर आलेल्या नवख्याला सहजासहजी आत घ्यायचे नाही असे तो बजावतो. चार-पाच दिवस त्याला दार ठोठावू द्यावे. आत घेतल्यावर दोन महिन्यांनी सर्व नियम वाचून दाखवावेत, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा, आणखी चार महिन्यांनी तिसऱ्यांदा; प्रत्येक वेळी त्याला निघून जाण्याची मोकळीक असावी. असे वर्ष काढल्यावर तो व्रत घेतो, आणि तेव्हा त्याचे घरचे कपडे उतरवून मठाचे दिले जातात. ते उतरवलेले कपडे मात्र टाकायचे नाहीत, कपाटात जपून ठेवायचे. कधी काळी तो मठ सोडून निघालाच तर त्याला त्याचे कपडे परत देता यावेत. संपूर्ण नियमावलीतला हा मला सर्वांत आवडलेला तपशील आहे. आणि निव्वळ एकटे राहण्याविषयी तर त्याचे म्हणणे स्पष्ट आहे: पहिल्या उमाळ्यात कोणी एकांतवासी होऊ नये, अनेकांच्या सोबतीत दीर्घकाळ तावून सुलाखून निघालेल्यानेच त्या वाटेला जावे. तुमच्या वर्षभराच्या बेताविषयी माझे मत याच्याशी जुळते, त्याविषयी पुढे लिहितो.

स्वार्थाच्या प्रश्नाला मात्र मला वळसा घालून यावे लागेल, आणि तो वळसा आपल्या येऊरच्या डोंगरामागून जातो. पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या बाजूने वाट असलेली कान्हेरीची लेणी तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर नक्की पाहिली असतील. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतली बरीचशी भिक्षूंची राहण्याची घरे आहेत. मी काही वर्षांपूर्वी भर पावसात तेथे गेलो होतो. एका कोठडीत शिरलो तेव्हा प्रथम दिसला तो भिंतीलगत खडकातच सोडलेला झोपण्याचा ओटा, एका माणसापुरता. बाहेर पडताना लक्ष गेले ते उंबरठ्याजवळच्या भोकाकडे. लाकडी दाराची खुंटी त्यात फिरत असणार. दार गेले, भोक राहिले. वरच्या खडकात बोटभर रुंदीची पन्हळ खोदलेली होती आणि तिच्यातून पावसाचे पाणी अजूनही पायथ्याच्या टाक्यात उतरत होते. अशा टाक्यांना तेथील शिलालेखांत पोढी म्हटले आहे. पाणी कोणी अडवले, टाके कोणाच्या पैशातून खोदले, हे शिलालेख सांगतात, आणि त्या देणगीदारांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. म्हणजे ज्या बंदरांची गजबज मागे टाकून भिक्षू डोंगरात आले, त्याच गजबजीने त्यांचे टाके भरले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर हिशेबच कोरून ठेवला आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव दिली आणि ती विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) व्याजाने ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज मिळे, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा, वर्षाचे व्याज २४०, वीस गुणिले बारा तेवढेच. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी शांत बसलेल्या भिक्षूच्या अंगावरच्या चीवरामागे कुठेतरी मागाचा खटखटाट होता. तुमच्या जेरोनिमोसचेही तेच आहे. राजा मॅन्युएल पहिला याने १५०१ च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू करवले ते मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून, आणि त्या कराला पोर्तुगीजांनी नाव दिले होते मिऱ्यांचा विसावा हिस्सा. ती मिरी आपल्याच किनाऱ्यावरून, मलबारातून जहाजांत भरली जात होती. संन्याशांनीही बदल्यात काही द्यायचे होते: राजाच्या आत्म्यासाठी आणि दर्यावर निघालेल्या खलाशांसाठी प्रार्थना. त्या चौकाच्या चर्चकडच्या भिंतीत लहान लहान दारे तुम्ही पाहिली असतील. संन्यासी चौकाच्या बाजूने आत बसे, खलाशी चर्चच्या बाजूने येई, आणि मधल्या जाळीतून तो आपली पापे सांगे. अडसर लावलेल्या जागेलाही असा झरोका ठेवलेला होता.

म्हणून एकांत हवा असण्यात मला स्वार्थ दिसत नाही. तो कोणाच्या श्रमांवर उभा आहे हे न पाहण्यात मात्र दिसेल. तुम्ही गुहागरला गेलात तर साडेबाराला स्कूलबसपाशी कोण उभे राहील, सासूबाईंच्या गोळ्या कोण काढून देईल, स्वयंपाकाच्या बाई आल्या नाहीत त्या दिवशी पोळ्या कोण लाटेल? ऐरोलीहून रात्री आठला घरी पोहोचणारी सूनच लाटेल, बहुतेक. मग तिचा प्रश्न डॉक्टरांविषयी असला तरी त्याच्या पोटात हाही एक प्रश्न असू शकतो, आणि तो विचारायला तिला संकोच वाटत असेल. तुम्हीच आपण होऊन कागद घ्या आणि दिवसभरात तुमच्या हातून होणारी कामे लिहा. यादी लांब होईल. ती घरातल्या सर्वांसमोर, टीव्ही बंद करून वाचा, आणि कोणते काम कोणाकडे जाईल, कोणत्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवावे लागेल, हे ठरवा. तुमचे निवृत्तिवेतन आहे. त्यातला काही भाग यासाठी खर्च झाला तर तो वाया गेला असे समजू नका.

अडसराची दुसरीही एक बाजू आहे. पोप बोनिफेस आठवे यांनी १२९८ मध्ये फर्मान काढले की सर्व संन्यासिनींनी मठाच्या आतच राहावे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते पुन्हा पक्के केले. पुरुषांना असा सरसकट नियम नव्हता. पुढच्या काळात व्हेनिससारख्या शहरांत हुंडा परवडत नाही म्हणून खानदानी घरांतल्या मुलींना लहानपणीच मठात घालण्याची रीत बोकाळली. त्यांतलीच एक, अर्कांजेला ताराबोत्ती (१६०४–१६५२), आयुष्यभर मठात राहिली आणि मुलींना असे कोंडणाऱ्या बापांविरुद्ध तिने आतूनच लेखणी चालवली. आपल्याकडे हे सांगायला व्हेनिसपर्यंत जाण्याची गरज नाही. विधवेचे आलवण नेसून माजघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढलेल्या आज्या आपल्या दोन-तीन पिढ्या मागे आहेत, आणि त्यांच्या त्या कोपऱ्याला कोणी एकांत म्हटले तर ते मला सहन होणार नाही. तुमच्या बाबतीत दार लावणारा हात तुमचाच आहे का, एवढे एकदा तपासा. घरात आपली गरज उरली नाही, कोणी विचारत नाही, म्हणून गुहागर सुचत असेल, तर तो अडसर तुम्ही लावलेला नाही. मग बोलणे घरातल्यांशी व्हायला हवे, कोकण रेल्वेचे आरक्षण नंतर.

तसे नसेल, आणि पत्रावरून मला तसे वाटत नाही, तर घरापासूनच सुरुवात करा. तुमच्या स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी आहे, तेथे वॉशिंग मशीन आणि दोरीवरचे कपडे असतात असे तुम्ही लिहिले आहे. कपडे दुपारी दोनपर्यंत वाळतात. अडीच ते साडेतीन सासूबाई झोपलेल्या असतात. एक खुर्ची, गुडघ्यांखाली एक पाट, आणि आतून कडी. या तासाचे काय करावे ते मी सांगणार नाही. वाचा, जप करा, नुसत्या बसा. पहिले पंधरा दिवस इव्हाग्रियसचे भूत येईलच, आणि मशीनमधला पिळा काढून ठेवावा असेही वाटेल. उठू नका.

या तासाला दारवान लागतो. बेनेडिक्टने त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मठाच्या दाराशी शहाणा, वयस्क माणूस नेमावा, ज्याला निरोप घेता येतो आणि उत्तर देता येते, आणि ज्याचे वय त्याला इकडेतिकडे भटकू देत नाही. त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे आलेल्या माणसाला उत्तर द्यायला कोणीतरी नेहमी भेटेल. तुमचे यजमान निवृत्त आहेत, दिवाणखान्यातच बसलेले असतात, दाराची घंटा त्यांच्यापासून चार पावलांवर आहे. सहाव्या शतकात कोणीतरी त्यांचेच वर्णन लिहून ठेवले आहे असे त्यांना सांगून पाहा. कुरियरवाला, इस्त्रीवाला, सासूबाईंची पाण्याची हाक, जाग आलेला नातू, या सगळ्याला तासभर उत्तर द्यायचे ते त्यांनी. बातम्या बंद करायला सांगू नका, कानाला हेडफोन लावायला सांगा. हे काम त्यांनी मनावर घेतले तर तुमचा निम्मा मठ उभा राहिला. उपवन तलावाकाठी सकाळी एकांत शोधायला जाण्याचा तुमचा विचार मात्र सोडून द्या, तेथे तुमच्या शाळेतले तीन आजी-माजी सहकारी दर फेरीला भेटतील. बाहेरच जायचे असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसा. १८९३ पासूनची संस्था आहे, आणि अनेकांनी मिळून गप्प बसणे म्हणजे काय ते ग्रंथालयात कळते.

तीन महिने हा तास टिकला तर पुढची पायरी. इगतपुरीला धम्मगिरी हे सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेले विपश्यनेचे केंद्र आहे. तेथे दहा दिवसांची शिबिरे होतात. पहाटे चारला घंटा, मोबाईल पहिल्याच दिवशी जमा, एकमेकांशी बोलणे नाही, शुल्क नाही, दान द्यायचे तर शिबिर पूर्ण झाल्यावर. यायचा-जायचा दिवस धरून बारा दिवस मोकळे ठेवा, आणि अर्जात गुडघ्यांचे दुखणे व चालू औषधे लपवू नका, खुर्चीची सोय विचारून घ्या. ती पद्धत तुम्हाला पटेलच असे नाही. पण अनेकांच्या सोबतीत मौन कसे असते, आणि तुमच्यावाचून घर बारा दिवस कसे चालते, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतील. दुसरी गोष्ट तुमच्या सूनबाईंनाही कळेल.

गुहागर त्यानंतर, आणि वर्षभरासाठी नव्हे, दिवाळीनंतरच्या एका महिन्यासाठी. आधी कोणाला तरी पाठवून विहिरीचे पाणी, विजेच्या तारा आणि छपराची कौले पाहून घ्या, शेजारच्या घरी एक किल्ली ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस बाजाराचा, माणसांशी बोलण्याचा ठरवून टाका. तुम्ही ज्या उत्साहाने माहेरच्या घराविषयी लिहिले आहे, त्या उत्साहात ठाण्याचे घर मुलाच्या नावावर करून मोकळे व्हावे असेही एका ओळीत म्हटले आहे. ते आत्ता मुळीच करू नका. घराचे कागद, बँकेची खाती, सगळे आहे तसे राहू द्या; कपाटातल्या त्या जुन्या कपड्यांसारखे.

सासूबाईंची प्रकृती मध्येच बिघडली तर काय, हे तुम्ही दोनदा विचारले आहे. वर्षावासात भिक्षूने जागा सोडायची नाही असा विनयाचा, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांचा, दंडक आहे, पण आई किंवा वडील आजारी असल्याचे कळले तर बोलावणे आले नसले तरी त्याने जावे आणि सात दिवसांच्या आत परतावे, अशी वाट त्याच नियमांत काढून ठेवली आहे. तेव्हा निघताना सासूबाईंना तुमचा गुहागरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि चिपळूणहून ठाण्याला येणाऱ्या मांडवी एक्सप्रेसची वेळ यजमानांच्या वहीत टिपून ठेवा.